पार्किन्सन्स असलेल्या आबांना ऑपरेशनसाठी दाखल करायचंय, गोळ्यांच्या वेळा कशा सांभाळायच्या?

नमस्कार मंडळी. आम्ही अमळनेरचे. माझ्या सासऱ्यांना, आबांना, पार्किन्सन्स (हालचाली मंदावणारा, अंग ताठरवणारा मेंदूचा आजार) आहे. लेव्होडोपा-कार्बिडोपाची गोळी दिवसातून ५ वेळा, सोबत त्याच आजाराची दुसरी गोळी, रासाजिलीन. पुढच्या महिन्यात जळगावला हर्नियाचं ऑपरेशन ठरलंय आणि मला धास्ती ऑपरेशनची नाही, वॉर्डाची आहे.

मागे तापासाठी एका दवाखान्यात ठेवलं होतं. सिस्टरांनी गोळ्यांचा डबा काढून घेतला. ११ ची गोळी दीडला मिळाली, तीही वरण-भातासोबत. प्रथिनांबरोबर ही गोळी नीट शोषली जात नाही. संध्याकाळी आबांना कूसही वळता येईना. मळमळतंय म्हटल्यावर मेटोक्लोप्रमाइडचं (उलटी थांबवायचं औषध) इंजेक्शन भरलं. आबा म्हणाले, "माले ते नको." आवाज बारीक झालाय, चेहरा हलत नाही, म्हणून "बाबांना काही समजत नाही का?" असं त्यांच्यासमोरच मला विचारलं. त्यांना सगळं समजतं हो!

मेंदूच्या डॉक्टरांनी बजावलंय की मेटोक्लोप्रमाइड, प्रोक्लोरपेराझिन, हॅलोपेरिडॉल द्यायचं नाही, ही औषधं डोपामाइनचं, म्हणजे पार्किन्सन्समध्ये मेंदूत आधीच कमी पडणाऱ्या रसायनाचं, काम अडवतात. उलटीसाठी ऑन्डानसेट्रॉन चालतं. ॲसिडिटीच्या काही कॅप्सूलमध्ये पॅन्टोप्राझोलबरोबर लेव्होसल्पिराइड असतं, तेही नको. घरात पार्किन्सन्सचा पेशंट असेल तर स्ट्रिपची मागची बाजू आजच वाचा. लेव्होडोपा एकदम बंद केली तर ताप येऊन अंग ताठरतं, जिवावर बेतू शकतं. रासाजिलीन चालू असताना पेथिडीन, ट्रामाडॉल ही वेदनाशामकं चालत नाहीत, हे भूलतज्ज्ञांना आधीच सांगणार आहे.

आता विचारायचं ते असं. गोळ्या उशाशी ठेवून वेळेवर घ्यायची परवानगी कुणी केसपेपरवर लिहून घेतली आहे का? कुणाकडून, सर्जनकडून की फिजिशियनकडून? उपाशी ठेवतात त्या सकाळची गोळी घोटभर पाण्याबरोबर द्यायला तुमच्या भूलतज्ज्ञांनी होकार दिला होता का?

आणि आबांसाठी एक कार्ड करतेय, ते स्वतः हातात धरून दाखवतील असं. मजकूर त्यांनीच सांगितला: "मला पार्किन्सन्स आहे. मी हळू बोलतो, पण मला समजतं. गोळीची वेळ चुकवू नका. औषध देण्याआधी मला विचारा." खाली वेळा आणि नको असलेल्या औषधांची नावं. यात काय राहिलंय? जळगाव-धुळ्याकडे कुणी असं कार्ड वापरलं असेल तर फोटो टाका, नाव-पत्ता झाकून. छापायला रविवारी देणार आहे.