लाकडी घाण्याच्या तेलासाठी मोबाईलवरून गिऱ्हाईक कसं जोडावं?

घाणेवाला_आर्वी:
आर्वी तालुक्यात (जि. वर्धा) गावातच लाकडी घाणा आहे. जवस, शेंगदाणा, करडई, तीळ काढतो. तेल आर्वी-वर्ध्याकडे जातं, ढेप (तेल काढून उरलेला चोथा, जनावरांचं खाद्य) गावात खपते. सगळा धंदा ओळखीवर आहे. जवसाचं तेल लवकर खवट होतं, म्हणून किती काढावं याचा दर आठवड्याला घोर असतो. मोबाईलवरून प्रचार करावा काय? एकदम हजारो एसएमएस पाठवून देतो म्हणणाऱ्या एजंटांचे फोन येतात. पैसे कुठं घालावे अन् कुठं घालू नये, सांगा राजेहो.

बाजारओळ:
करावाच भाऊ, आणि तुमच्यासाठी तर कारण जवसच आहे. हवा, उजेड आणि उष्णता लागली की ते तेल बिघडतं. आधी काढून मग गिऱ्हाईक शोधाल तर नुकसान तुमचं. मोबाईलवर आधी मागणी घ्या, मग घाणा लावा. घाण्यावर १० किलो जवसातून साधारण ३ किलो तेल निघतं असं धरून चाला. ९ किलोची मागणी आली की ३० किलो जवस भरायचं, उरण्याची भानगडच नाही.

दुकानासाठी वेगळं सिम घ्या आणि त्यावर व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस टाका. अ‍ॅप फुकट आहे. एकच नंबर साध्या व्हॉट्सअ‍ॅपवर आणि बिझनेसवर एकाच वेळी चालत नाही. जुनाच नंबर न्यायचा असेल तर आधी बॅकअप घ्या. मग कॅटलॉग भरा. प्रत्येक तेल ५०० मिली आणि १ लिटर असं वेगवेगळं टाका, भाव लिहा. फोटो दिवसाच्या उजेडात काढा, बाटलीवरचा १४ आकडी एफएसएसएआय (अन्न परवान्याचा) नंबर वाचता आला पाहिजे. भाव बदलला की त्याच दिवशी कॅटलॉगही बदला. जुना भाव दाखवून नवा मागितला की दारातच वाद होतो.

ब्रॉडकास्ट म्हणजे एकच मेसेज एकदम अनेकांना वेगवेगळा पाठवायची सोय. त्याच्या एका यादीत २५६ जण बसतात. पण ज्यानं तुमचा नंबर आपल्या मोबाईलमध्ये सेव्ह केला आहे, त्यालाच तो मेसेज पोचतो. बहुतेकांचं गाडं इथंच अडतं. यादी भरलेली दिसते, पोचतं मोजक्यांना. म्हणून बाटली हातात देतानाच विचारा, "ताई, तेल निघालं की कळवू का? मग हा नंबर सेव्ह करा." नंबर बाटलीच्या लेबलवरही ठळक छापा.

अ‍ॅपमध्ये गिऱ्हाइकांच्या नावांना लेबलं लावा: 'तेल-वर्धा', 'तेल-आर्वी', 'ढेप'. गायवाल्याला तेलाचा भाव आणि वर्ध्याच्या मास्तरीणबाईंना ढेपेचा भाव पाठवला की माणूस कंटाळून ब्लॉक करतो. बऱ्याच जणांनी ब्लॉक केलं किंवा तक्रार केली तर नंबरच बंद पडतो, आणि त्यासोबत सगळी गिऱ्हाइकं जातात.

टॉवरखाली:
एसएमएसच्या एजंटाला तूर्तास थांबवा. असा धंद्याचा एसएमएस पाठवायला डीएलटीवर (मोबाईल कंपन्यांच्या ऑनलाइन नोंदणी यंत्रणेवर) संस्थेची, पाठवणाऱ्याच्या नावाची आणि मजकुराच्या नमुन्याची नोंदणी लागते. नियम २०१८ चे आहेत. साध्या सिमवरून जाहिरातीचे एसएमएस लोटले तर तक्रारीवरून सिम बंद होऊ शकतं. विकत घेतलेल्या नंबरांच्या यादीत जवसाचं तेल खाणारे किती, हेही त्या एजंटाला विचारून पाहा.

मराठी मजकुराचा हिशेबही वेगळा आहे. इंग्रजी अक्षरांत एका एसएमएसमध्ये १६० जागा मिळतात, देवनागरीत ७०. काना, मात्रा, अनुस्वार प्रत्येकी एक जागा खातात. 'जवसाचं' एवढ्यालाच ६ जागा गेल्या. ७० च्या वर गेलं की दोन मेसेजचे पैसे. "ताजं जवस तेल तयार. शनिवारी बाजारात मिळेल." हे ४१ जागांत बसतं.

ढेप घेणारे पुष्कळ जण साधा बटणाचा फोन वापरतात. त्यांना सरळ फोन लावा. वीस-पंचवीस घरांसाठी याहून स्वस्त काहीच नाही. ज्यांच्याकडे व्हॉट्सअ‍ॅप आहे पण वाचायचा कंटाळा आहे, त्यांना आपल्या बोलीत २० सेकंदांचा आवाजी मेसेज टाका: काय निघालं, भाव काय, कधीपर्यंत सांगायचं. वेळ संध्याकाळी ७ नंतरची. दिवसा माणूस वावरात असतो.

घाणेवाला_आर्वी:
ब्रॉडकास्टची गोष्ट आता ध्यानात आली. वर्ध्याच्या नवीन गिऱ्हाइकाला सापडायचं कसं? आणि मागणी नोंदवून लोक आलेच नाही तर?

बाजारओळ:
सापडण्यासाठी गूगल मॅपवर दुकानाची नोंद करा, तीही फुकट. पडताळणीला बहुतेक वेळा व्हिडिओ मागतात. रस्ता, पाटी, मग आत चालता घाणा, असं न थांबता एकाच दमात चित्रण करा. तुकडे जोडलेले चालत नाहीत. गावात पिन हमखास चुकीच्या जागी पडते, ती बोटानं ओढून बरोबर घाण्यावर आणा. वेळ लिहिताना बाजाराचा दिवस वेगळा टाका, नाहीतर माणूस वर्ध्याहून येऊन कुलूप पाहून जाईल.

आगाऊ मागणीला निम्मे पैसे यूपीआयवर घ्या. स्क्रीनशॉटवर विश्वास ठेवू नका, खोटे बनवता येतात. आपल्या अ‍ॅपमध्ये किंवा बँकेत जमा दिसले तरच नोंद पक्की. आणि पैसे घ्यायला पिन कधीच टाकावा लागत नाही, हे गल्ल्यावर बसणाऱ्या पोराला पाठ करून ठेवा.

नोंदीचा मेसेज असा ठेवा: "जवस तेल गुरुवारी काढणार. बुधवारी संध्याकाळी ६ पर्यंत नाव, किती लिटर आणि आर्वी की वर्धा ते कळवा." रोज तेच उत्तर टाइप करू नका. क्विक रिप्लायमध्ये एकदा साठवलं की '/' दाबून निघतं.

टॉवरखाली:
एक राहिलंच. जवसाच्या तेलाबद्दल 'हृदयरोग बरा होतो', 'साखर उतरते' असलं स्टेटसवर टाकू नका, कोणी पाठवलं तरी पुढं ढकलू नका. अन्न सुरक्षा कायद्याच्या कलम ५३ खाली दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला १० लाखांपर्यंत दंड आहे. त्यापेक्षा काढल्याची तारीख लिहा, गडद काचेच्या बाटलीत भरा आणि 'थंड, अंधाऱ्या जागी ठेवा' एवढं लेबलवर छापा. स्टेटस २४ तासच राहतं, म्हणून मागणीची मुदत संपायच्या आदल्या संध्याकाळी टाका.