मदत हवी आहे : जुन्या स्पोर्ट्स कारचा इमोबिलायझर (चोरी रोखणारी यंत्रणा) बरोबर किल्लीलाही दाद देत नाही

नमस्कार मंडळी,

माझ्याकडे १९९१ ची दोन सीटची स्पोर्ट्स कार आहे, मॅन्युअल गिअरची. चार वर्षं जिवापाड जपली आहे. गेले दोन महिने मात्र ती कधी सुरू होईल याचा भरवसा राहिलेला नाही. किल्ली फिरवली की 'सिक्युरिटी'चा दिवा पेटून राहतो आणि स्टार्टर हूं की चूं करत नाही. रिलेची साधी 'टक'सुद्धा नाही. दिवे, हॉर्न, काचा सगळं ठणठणीत. चार-पाच मिनिटं थांबून परत किल्ली लावली तर कधी पहिल्याच झटक्यात सुरू होते. एकदा सुरू झाली की मग वाटेत कधीच बंद पडत नाही.

ही किल्लीत चिप असलेली गाडी नाही. किल्लीच्या पात्यात एक काळी गोळी बसवलेली असते, तिच्यात रेझिस्टर असतो. १९८६ च्या शेव्हरोले कॉर्व्हेटमध्ये 'व्हॅट्स' या नावाने ही पद्धत आली आणि पुढे इतर गाड्यांतही गेली. रेझिस्टरच्या एकूण १५ किमती, ४०२ ओहमपासून ११,८०० ओहमपर्यंत. किल्ली कुलपात गेली की आतले दोन स्पर्शक गोळीला टेकतात, तिथून दोन बारीक वायरी स्टिअरिंग कॉलममधून खाली मॉड्यूलकडे, म्हणजे किल्ली ओळखणाऱ्या पेटीकडे जातात. आकडा जुळला तर मॉड्यूल स्टार्टरचा रिले ओढतं आणि ईसीएमला (इंजिनच्या संगणकाला) इंधन सोडायची परवानगी देतं. नाही जुळला तर दोन्ही बंद, आणि पुढची तीन-चार मिनिटं बरोबर किल्लीसुद्धा चालत नाही. हे कळायच्या आधी मी दर दहा सेकंदांनी किल्ली फिरवत बसायचो आणि मॉड्यूलला सावरायला वेळच मिळत नव्हता.

आतापर्यंत एवढं केलंय : मीटरवर किल्लीची गोळी १,८७० ओहम दाखवते, म्हणजे यादीतली बरोबर किंमत. सुटी किल्ली १,८६०. दोन्ही गोळ्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसल्या. दोन दिवस गाडी शहाण्यासारखी वागली, तिसऱ्या दिवशी परत तेच. बॅटरी १२.६ व्होल्ट, टर्मिनल स्वच्छ. डॅशखाली आधीच्या मालकाने बसवलेल्या अलार्मचे काळ्या टेपचे जोड दिसतात, त्यामुळे तिथलीही शंका येते.

एका गॅरेजवाल्यांनी सांगितलं, "एक रेझिस्टर कायमचा जोडून टाकू, कटकटच नको." मला ते पटत नाही. या गाडीचं छप्पर हाताने निघतं, म्हणजे आत शिरणं सोपं, मग चोराला अडवायला हीच यंत्रणा उरते. वायपरच्या मोटरइतकीच ही यंत्रणाही गाडीचा भाग आहे, आणि विम्याच्या कागदावरही तिची नोंद आहे. मला ती दुरुस्त करायची आहे, काढून टाकायची नाही.

तर जाणकारांनी सांगावं : दोष वायरीत आहे की मॉड्यूलमध्ये, हे पार्ट न बदलता कसं ओळखायचं? आणि वायरी असतील तर पूर्ण कुलूप बदलावं लागतं का?

प्रतिसाद

किल्ली वेगळी मोजून अर्धीच गोष्ट कळते. किल्ली कुलपात असताना मॉड्यूलला काय दिसतं ते मोजा. डॅशखाली कॉलममधून येणाऱ्या दोन बारीक वायरींचं कनेक्टर शोधा, सुटं करा आणि कॉलमकडच्या बाजूला मीटर लावा. मॉड्यूलच्या बाजूला ओहम मोजू नका. आता किल्ली घाला, १,८७० च्या आसपास यायला हवं. मग किल्ली हळूहळू सगळ्या स्थितींतून फिरवा, आणि टिल्ट असेल तर स्टिअरिंग वरखाली करून बघा. आकडा पूर्णवेळ स्थिर राहिला तर कॉलम निर्दोष आहे, मग मॉड्यूल आणि त्या टेपच्या जोडांकडे वळा. आकडा नाचला तर चोर सापडला.

प्रतिसाद

वरच्यांशी सहमत. एक भर घालतो. दरवेळी 'सिक्युरिटी'चा दिवा पेटलेलाच असतो ना? कधी दिवा विझलाय आणि तरी स्टार्टर गप्प, असं होत असेल तर इमोबिलायझरला विनाकारण दोष देऊ नका, क्लचचा स्विच आणि इग्निशन स्विच आधी तपासा. मॅन्युअल गाडीत क्लच पूर्ण दाबला नाही तरी लक्षण सारखंच दिसतं.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. दिवा दरवेळी पेटलेला असतो, हे नक्की.

काल रात्री सीट पूर्ण मागे सारून, डोकं पेडलपाशी आणि पाय बाहेर अशा अवस्थेत ते कनेक्टर एकदाचं सापडलं. केशरी आवरणातून येणाऱ्या दोन वायरी, शिवायच्या दोऱ्याइतक्या बारीक. किल्ली घातली : १,८७०, अगदी स्थिर. 'ऑन'ला नेली : स्थिर. 'स्टार्ट'कडे नेताना आकडा एकदम ९,००० वर उडाला आणि मीटरवर 'ओएल', म्हणजे जोडच तुटलेला. किल्ली परत मागे, परत १,८७०. मग स्टिअरिंग सर्वांत खाली केलं तर 'ऑन'लाच 'ओएल'. वर उचललं की आकडा हजर. दहा वेळा करून पाहिलं, दहाही वेळा हेच.

म्हणजे वायरच ना? कॉलम उघडून तुटलेल्या जागी डाग (सोल्डर) देऊन भागेल का?

प्रतिसाद

वायरच, शंका नको. कुलूप फिरतं तशी ती दरवेळी पिळली जाते. इतक्या वर्षांत आतले तांब्याचे केस एकेक करून तुटतात, वरचं आवरण मात्र शाबूत दिसतं. मॉड्यूल बिचारं आपलं काम चोख करतंय.

डाग देऊ नका. डागाजवळ वायर कडक होते आणि पीळ नेमका तिथेच बसतो, काही महिन्यांत त्याच्या शेजारी परत तुटेल. नवं लॉक सिलिंडर घ्या, स्पर्शक आणि वायरी त्याला जोडूनच येतात. चावीवाल्याकडून आतल्या पट्ट्या तुमच्या जुन्या किल्लीप्रमाणे बसवून घ्या. मॉड्यूल तेच राहणार असल्याने १,८७० चीच गोळी चालेल, नवीन किल्ली करायची गरज नाही.

स्टिअरिंगमध्ये एअरबॅग असेल तर आधी तिच्याबद्दल बोलू. बॅटरीची निगेटिव्ह काढा, सर्व्हिस मॅन्युअलमध्ये दिलेला वेळ थांबा, मगच हात लावा. काढलेली एअरबॅग उशीची बाजू अंगापासून लांब धरून न्या आणि ठेवताना ती बाजू वर ठेवा. तिच्या वायरींना मीटर अजिबात लावायचं नाही. हे काम आधी केलं नसेल तर तेवढ्यापुरता माहितगार माणूस बोलवा.

धागाकर्ता

एअरबॅग आहे. त्यामुळे कॉलम माहितगाराकडूनच उघडून घेईन, मी शेजारी उभा राहीन. सिलिंडर मागवलं आहे. तोवर स्टिअरिंग सर्वांत वर ठेवून किल्ली लावतो, आज चारपैकी चार वेळा सुरू झाली. वायर ओवताना काही विशेष काळजी?

प्रतिसाद

जुनी वायर ओढून काढण्याआधी तिच्या खालच्या टोकाला मजबूत दोरा बांधा, म्हणजे नवी त्याच वाटेने खाली येईल. क्लिपमध्ये ताणून बसवू नका, कुलपाजवळ थोडी सैल राहू द्या. आणि कॉलमचं झाकण लावण्याआधी स्टिअरिंग पूर्ण खाली, किल्ली 'स्टार्ट'पर्यंत, हीच मीटरची चाचणी परत करा.