लूप, आवर्तन आणि लेहरा

प्रश्न : इलेक्ट्रॉनिक संगीतावर मराठीत लिहिताना 'लूप'साठी 'आवर्तन' चालेल का? दोन्हींत तेच फिरून येतं. शिवाय लूपवर काम करणाऱ्या मंडळींनी रागसंगीतातून बरंच उचललंय, त्यामुळे शब्द शोभेलही.

उत्तर : मी नाही वापरणार. तीनतालाचं आवर्तन म्हणजे १६ मात्रांचा काळ. तो समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर, परततो, पण त्यात काय भरायचं हे गाणारा दर वेळी नव्याने ठरवतो. लूपमध्ये खुद्द आवाजच परततो, जसाच्या तसा. टेपचा तुकडा कापून दोन्ही टोकं चिकटवली की वेटोळं होतं, नाव त्यावरून पडलं. त्याआधी १९४८ साली पॅरिसमध्ये फ्रेंच संगीतकार पिएर शेफर यांनी तबकडीवरची खाच बंद वर्तुळात कापून हेच साधलं होतं. 'पिन अडकली' म्हणून आपण वैतागतो, ते त्यांनी मुद्दाम घडवलं!

सर्वांत जवळचा शब्द हवाच असेल तर लेहरा. स्वतंत्र तबलावादनात सारंगी किंवा हार्मोनियमवर एका आवर्तनाची धून अखंड चालू असते आणि तिच्या भरवशावर तबलजी हवा तिथे जाऊन येतो.

प्रतिप्रश्न : पण लेहरा माणूस धरतो. लय चढली की तोही चढतो. यंत्रावरचा लूप काय करणार?

उत्तर : बरोबर, म्हणून तिथे बदल दुसऱ्या वाटेने येतो. १९६५ साली अमेरिकन संगीतकार स्टीव्ह राइश यांनी एकाच बोलण्याचे दोन लूप दोन यंत्रांवर एकदम सोडले. यंत्रांच्या वेगात किंचित फरक होता. एक लूप हळूहळू पुढे सरकला आणि कुणीही न वाजवलेल्या लयी ऐकू येऊ लागल्या. १९७० मध्ये ते घानात एवे लोकांचं ढोलवादन शिकायला गेले. तिथे घंटेचा एकच आकृतिबंध सतत चालतो आणि निरनिराळे ढोल त्याला वेगवेगळ्या जागी भिडतात. टेपवर जे सापडलं होतं, ते तिथे हातांनी वाजत होतं.

'रागसंगीतातून उचललं' हेही जपून म्हणावं. अमेरिकन संगीतकार टेरी रायली हे गायक पंडित प्राणनाथांचे शिष्य झाले १९७० साली. टेपचे लूप आणि पुनरावृत्तीवर उभ्या रचना त्यांनी त्याआधीच केल्या होत्या. तालमीतून त्यांना मिळालं ते एका स्वरापाशी धीराने थांबणं, आणि माझ्या मते ते लूपपेक्षा कितीतरी मोठं देणं आहे.

'आवर्तन'ला माझा सर्वांत मोठा आक्षेप ब्रिटिश संगीतकार ब्रायन ईनो यांच्या १९७८ च्या विमानतळासाठीच्या संगीतामुळे आहे. त्यातल्या एका रचनेत एक स्वर साडेतेवीस सेकंदांनी परततो, दुसरा जवळजवळ सव्वीस सेकंदांनी. लांबी जुळत नाही, म्हणून सगळ्यांची मिळून सम अशी येतच नाही. समेशिवाय आवर्तन कसलं?

प्रतिप्रश्न : मग जावा-बालीच्या गामेलानबद्दल, म्हणजे तिथल्या गाँग आणि धातूच्या वाद्यांच्या वृंदाबद्दल, लिहिताना?

उत्तर : तिथे खुशाल 'आवर्तन' लिहा. मोठा गाँग वाजला की फेरा पुरा. फरक एवढाच की आपली सम पहिल्या मात्रेवर असते आणि त्यांचा सर्वांत वजनदार ठोका शेवटी पडतो.

बाकी 'लूप' तसाच ठेवा. लूप लावला, लूप कापला, दोन लूप एकमेकांवर चढवले : बोलताना तो पुल्लिंगीच येतो आणि अनेकवचनातही बदलत नाही.