इंत्रूजला मराठीत काय म्हणायचं? 'गटारी' चालेल का?

माहीमला आमच्या बिल्डिंगमधे खालच्या मजल्यावर एक गोवेकर मावशी राहतात. राखेच्या बुधवारच्या, म्हणजे ख्रिस्ती लोकांचा ईस्टरआधीचा उपास सुरू होतो त्या दिवसाच्या, आदल्या मंगळवारी त्यांच्याकडून न चुकता डबा येतो, त्यात आळेबेळे असतात, म्हणजे मैदा-अंड्याचं पातळ धिरडं आणि आत ओलं खोबरं, गूळ, वेलची. यंदा १७ फेब्रुवारीला डबा आला तेव्हा अजून गरम होता, झाकणाला आतून वाफेचं पाणी धरलेलं आणि गुळाचा पाक एका बाजूने ओघळून खालच्या कागदाला चिकटलेला. मी फोटो काढून बिल्डिंगच्या ग्रुपवर टाकला आणि वर लिहिलं 'मावशींकडची गटारी'. अगदी प्रेमाने लिहिलं होतं हो. संध्याकाळी डबा परत द्यायला गेले तर म्हणाल्या, "बाय, गटारी नको म्हणू गो, इंत्रूज म्हण." रागावल्या नव्हत्या पण चेहरा उतरला होता आणि ते मला फार लागलं. तर प्रश्न असा की इंत्रूज हा शब्द मुळात कुठला, आणि उपासाच्या आधी पोटभर खाऊन घ्यायचा दिवस ह्याला आपल्याकडे दुसरा चांगला शब्द आहे का?

—

ताई, इंत्रूज हा कोंकणी शब्द, पोर्तुगीज 'एन्त्रूदो'वरून आलेला, आणि त्याच्या मुळाशी लॅटिन 'इन्त्रोइतुस', म्हणजे प्रवेश. कसला प्रवेश तर चाळीस दिवसांच्या उपासात. मला ह्यात फार मोठी गोष्ट दिसते. दिवस खाण्याचा पण नाव ठेवलंय ते उंबरठ्याचं. आता त्याच मंगळवारची बाकीची नावं बघा, फ्रेंच त्याला 'मार्दी ग्रा' म्हणतात म्हणजे सरळ चरबीचा मंगळवार, इंग्रजीत 'श्रोव्ह ट्यूजडे', त्यातलं श्रोव्ह हे पाद्रीपुढे पापाची कबुली देण्याच्या जुन्या क्रियापदावरून आलंय. कार्निव्हल म्हणजे मांस बाजूला ठेवणं, मध्ययुगीन लॅटिनमधलं 'कार्नेलेवारे'. एकाने स्वयंपाकघराकडे बघून नाव ठेवलं, एकाने चर्चकडे, आणि पोर्तुगीजांनी दाराकडे. उपासाची नावं पण अशीच, इंग्रजी 'लेंट'चा मूळ अर्थ वसंत ऋतू, आणि कोंकणी 'कोरेज्म' पोर्तुगीजमधून आलाय, त्यात चाळीस हा आकडा आहे. राखेचा बुधवार ते ईस्टरच्या आदला शनिवार मोजलं तर ४६ दिवस भरतात, मधले सहा रविवार धरत नाहीत म्हणून ४०.

आणि आळेबेळे त्याच दिवशी का, तर पूर्वी ह्या उपासात नुसतं मांस नाही, अंडी, दूध, लोणी सगळंच वर्ज्य असायचं. घरातलं संपवायला तर लागणार, मग मैद्यात अंडी फोडायची आणि धिरडी घालायची. युरोपात पॅनकेक त्याच कारणाने झाले, गोव्यात आत खोबरं-गूळ गेलं कारण माडाच्या देशात दुसरं काय घालणार.

—

मी वसईचा, आता बोरिवलीला असतो. आमच्याकडे ह्या दिवसांत सोरपोतेल लागतंच. डुकराचं मटण आणि काळीज आधी उकडून घेतात आणि मग बारीक, अगदी नखाएवढं कापतात, नीट कापलं नाही तर आई परत पाटावर टाकायला लावायची. मग मसाला आणि व्हिनेगर, आणि केल्या दिवशी कोणी हात लावायचा नाही. रोज एकदा उकळी आणायची आणि झाकून ठेवायचं, तिसऱ्या दिवशी ते मुरतं आणि वर तेल सुटतं तेव्हा खरी चव. सोबत फुगे, म्हणजे मैद्याच्या आंबवलेल्या पिठाचे तळलेले गोळे, नाव आपलं साधं मराठी, तेलात पडले की फुगतात. मुंबईत ईस्ट इंडियन लोकांकडे, म्हणजे इथल्या मूळच्या मराठी बोलणाऱ्या ख्रिस्ती लोकांकडे पण हेच, त्यांचा बाटली मसाला वेगळा, वर्षभराचा कुटून बाटल्यांत ठासून भरतात म्हणून ते नाव. आणि हो, राखेच्या बुधवारी सकाळी मिसाला, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनेला जाऊन कपाळाला राख लावून घेतली की ते भांडं घासून फळीवर, मग ईस्टरपर्यंत माझ्या आईने वशाटाला हात लावला नाही कधी. म्हणून गटारी म्हटलं की खटकतं. तो शब्द पिऊन गटारात पडण्याशी जोडला गेलाय, आमच्याकडे मात्र सगळं लक्ष दुसऱ्या दिवसावर असतं.

—

गटारीचं मूळ 'गतहारी' आहे, गेलेला आहार, त्यामुळे त्यात वाईट काही नाही असं सगळीकडे फिरतंय, तेही लक्षात घ्या.

—

ते मला पटत नाही. 'गत' आणि 'आहार' जोडले तर गताहार होईल, गतहारी कसं होईल? आणि तो शब्द बोलण्यात कोणाच्या तोंडी ऐकलाय का? शब्द आवडला नाही की त्याला चांगलं मूळ शोधून द्यायचं हे सगळीकडे होतं. कार्निव्हलचं पण झालंय, 'कार्ने वाले' म्हणजे मांसा तुला निरोप, ऐकायला गोड पण लोकांनी मागून बसवलेलं. मला वाईट ह्याचं वाटतं की आषाढ अमावस्येला आपल्याकडे मूळचं सुंदर नाव आहे, दिव्यांची आवस. घरातले सगळे दिवे, समया घासूनपुसून पाटावर मांडायचे, कणकेचे गोड दिवे उकडायचे. २०२५ ला २४ जुलैला होती तेव्हा व्हॉट्सअॅपवर एकाने दिव्यांचा फोटो टाकला असेल तर दहा जणांनी बाटलीचा. आपल्याच दिवसाचं नाव आपण घालवलं, निदान दुसऱ्याच्या दिवसावर तरी 'गटारी' चिकटवू नये.

आणि शब्द म्हणाल तर उपास सोडायला आपल्याकडे 'पारणं' आहे, पण उपासाआधीच्या जेवणाला तसा शब्द मला तरी सापडत नाही. कारण आपली रीतच उलटी, कडक एकादशी करणारे दशमीला एकभुक्त राहतात, म्हणजे आधीपासूनच हात आखडता. जी रीत नाही तिला शब्द कुठून येणार? म्हणून इंत्रूज तसाच घ्यावा. पाव, बटाटा, काजू, चावी, पगार एवढं पोर्तुगीजांकडून घेतलंच आहे की.

—

एक भर घालतो. तुमची गटारी-इंत्रूजची गल्लत व्हायला आकाशातलं पण कारण आहे. ईस्टर वसंतातल्या पौर्णिमेनंतरच्या रविवारी येतो, त्याच्या ४७ दिवस आधीचा मंगळवार म्हणजे इंत्रूज, त्यामुळे तो नेहमी अमावस्येच्या आसपासच पडतो. यंदा तर १७ फेब्रुवारीला बरोबर अमावस्याच होती.

—

सगळ्यांचे मनापासून आभार. दशमीचं आणि उंबरठ्याचं वाचून मी ग्रुपवरचं ते वाक्य काढलं आणि 'मावशींकडचा इंत्रूज' लिहिलं. मग खाली जाऊन त्यांना उंबरठ्याचा अर्थ सांगितला तर त्या म्हणाल्या, हे मला पण ठाऊक नव्हतं, आम्ही नुसतं म्हणत आलो. कपाळावर राख तशीच होती, गॅसवर मुगाची आमटी. आता एकच राहिलं, मराठीत 'तो इंत्रूज' की 'ती'? मावशी तर 'तो'च म्हणतात.