एकलहऱ्यात नवा कोळसा संच की सौर आणि साठवण?

सातपूरकर:
नाशिकजवळच्या एकलहऱ्याच्या औष्णिक वीज केंद्रात कोळशावर चालणारे २१० मेगावॉटचे तीन संच आहेत. त्यांच्या जागी ६६० मेगावॉटचा एकच मोठा संच आणा, ही मागणी जुनी आहे. माझा तिला विरोध आहे. जुन्या संचात एका युनिटला साधारण ६५० ते ७०० ग्रॅम कोळसा जळतो, तोही दूरच्या खाणींतून रेल्वेने आणलेला. त्यात तीसेक टक्के राख. हाच पैसा सौर वीज आणि ती साठवण्याच्या सोयीत घाला.

बॉयलरवाला:
जुन्या संचाचा हिशेब नव्याला लावू नका. सुपरक्रिटिकल, म्हणजे जास्त दाबाच्या आणि तापमानाच्या वाफेवर चालणारा संच तेच युनिट दहाएक टक्के कमी कोळशात देतो. आणि खरा प्रश्न संध्याकाळी सातचा आहे. एक किलोवॉट पॅनेल वर्षभराच्या सरासरीने दिवसाला चार युनिट देतं, पण सूर्य मावळल्यावर शून्य. सहाशे मेगावॉट चार तास पुरवायचे तर २,४०० मेगावॉट-तासांची साठवण लागेल. आषाढात आठवडाभर झाकोळ राहिला, तर ती भरायची कशाने?

सातपूरकर:
वाऱ्याने. पावसाळ्यातच धुळे-साताऱ्याच्या पवनचक्क्या सर्वाधिक चालतात आणि तेव्हाच शेतीपंप बंद असतात. शिवाय तुमचा कोळसा भिजतो त्याचं काय? साठवणीला बॅटरीच हवी असंही नाही. घाटघरला २५० मेगावॉटचं उदंचन केंद्र आहेच, म्हणजे पाणी पंपाने वर चढवून ठेवायचं आणि गरजेला खाली सोडून वीज बनवायची. चारशे मीटर खाली सोडलेलं एक घनमीटर पाणी जवळपास एक युनिट देतं. वर चढवायला जास्त वीज जाते, शंभरातले पंचाहत्तरच्या आसपास परत मिळतात, तरी दुपारची जादा सौर वीज वाया जाण्यापेक्षा ते बरं. सह्याद्रीच्या कड्यावर अशा जागा आहेत.

बॉयलरवाला:
भिजलेल्या कोळशाचं मान्य. बंकरमध्ये, म्हणजे साठवणीच्या टाकीत तो चिकटतो, कोळसा दळणाऱ्या मिलमधून बाहेर पडणाऱ्या हवेचं तापमान उतरतं, पाइप तुंबतात आणि लोड कमी करावा लागतो. त्याला छत घातलेलं कोळसा आवार हवं. पण ग्रिडची फ्रिक्वेन्सी, म्हणजे विजेच्या लहरींचा सेकंदाचा ठेका अचानक घसरला की मिनिटाला ३,००० फेऱ्यांनी फिरणारं टर्बाइनचं वजन पहिले काही सेकंद सावरून धरतं. साधा सौर इन्व्हर्टर (पॅनेलची वीज ग्रिडजोगी करणारं यंत्र) ते करत नाही.

निफाडचा पंप:
दोघेही पुरवठ्याचंच बोलताय, आधी मागणी हलवा. आमच्याकडे रात्रीची पाळी म्हणजे बिबट्याच्या भीतीत मोटर चालू करायला जाणं. शेतीचा फीडर (वीजवाहिनी) वेगळा काढून उपकेंद्राजवळच्या सौर प्रकल्पावर घेतला, की पाणी दिवसा भरता येतं आणि तेवढा भार रात्रीतून उतरतो. प्रकल्प ११ केव्ही लाइनच्या टोकाला मात्र नको. पंप बंद असले की तिथे व्होल्टेज चढतं, इन्व्हर्टर ट्रिप होतो आणि भर उन्हात वीज बंद. पॅनेल धुवायला पाण्याची सोयही आराखड्यातच धरा.

बॉयलरवाला:
पंप दिवसा न्याच, त्याला माझा पाठिंबा आहे. पण अंबड-सातपूरच्या कारखान्यांच्या तिसऱ्या पाळीचं आणि द्राक्षांच्या शीतगृहांचं काय? ती पहाटे तीनलाही चालू असतात. तुमची साठवण त्या वेळेपर्यंत पुरते, हे मेगावॉट-तासांत मांडा, मग एकलहऱ्याचा संच सोडायचा विचार करू.