लसूणघासात पिवळे दोरे, बूडच सापडत नाही. हे जगतं कशावर?

तापीकाठ (चोपडा):
मंडळी, गायींसाठी थोडा लसूणघास केलाय. दुसऱ्या कापणीनंतर मधेच एक गोल पट्टा बसून राहिला. जवळ जाऊन पाहिलं तर शेवयांसारखे पिवळे-नारिंगी दोरे घासाला गुंडाळलेले. एक दोरा धरून खालपर्यंत गेलो तर जमिनीत काहीच नाही! ना मूळ, ना पान. आमचे आबा म्हणतात अमरवेल, बोरीवर असते तीच. पोरगी दहावीला, ती म्हणते झाडं उन्हात अन्न बनवतात. मग ही बया खाते काय? आणि उपटून बांधावर फेकली तर चालेल का?

बोरीकाठ (अमळनेर):
आबा बरोबर, ही अमरवेलच, फक्त बोरीवरची बहुधा तिचीच दुसरी जात. बांधावर अजिबात फेकू नका भाऊ, तुकडा हिरव्या झाडावर पडला तरी पुन्हा चिकटतो.

बी रुजल्यावर तिच्याजवळ बियातलीच शिदोरी, ती आठवडाभर पुरते. तेवढ्यात कोंब गोल फिरत आधार चाचपतो, तोही वासावर. 2006 साली अमेरिकेत प्रयोग झाला. एका बाजूला टोमॅटो, दुसऱ्या बाजूला गहू, तर कोंब टोमॅटोकडे झुकले. नुसता टोमॅटोचा वास ठेवला तरी तिकडेच! आधार मिळाला की खालचा भाग वाळून जातो. बूड दिसेल कसं?

आता वेढ्याची आतली बाजू भिंगाने बघा. बारीक गाठींची ओळ दिसेल, तीच शोषक मुळं. साल फोडून ती घासाच्या पाण्याच्या नळीलाही जोडून घेतात आणि साखरेच्या नळीलाही. पोरीचं पुस्तक खरंच आहे. ऊन घासाने पकडलं, साखर घासाने केली, हिने आयती ओढली.

सातपुडा_पायथा (यावल):
मग आंब्यावरचं बांडगूळ? त्याची पानं तर चांगली हिरवीगार असतात भो.

बोरीकाठ:
ते अर्धं कमावतं. साखर स्वतःची, पाणी आणि क्षार आंब्याचे. त्याचं चिकट बी फुलटोच्या पक्षी फांदीला पुसून जातो. ज्वारीतलं टारफुला हे तण त्याहून बेरकी. पिकाच्या मुळातून पाझरणारं रसायन लागल्याशिवाय त्याचं बी रुजतच नाही. वर दिसेपर्यंत खाली ज्वारी लुटलेली असते.

तापीकाठ:
फवारायचं काही?

बोरीकाठ:
गायींच्या पोटात जाणारा घास आहे, फवारणीच्या नादी लागू नका. फुलायच्या आत पट्टा जमिनीलगत कापा, कडेचा हातभर चांगला घासही सोबत घ्या. जीव तुटतो, पण घ्या. तिथंच वाळवून जाळा. बी धरलेली वेल गायींना घालू नका, बी शेणातून जिवंत निघतं आणि खतातून परत शेतात. जमिनीत दहा-दहा वर्षं पडून राहतं. घास मोडला की तिथं ज्वारी-मका करा, त्यांच्यावर तिचं सहसा भागत नाही. ही बहुतेक बियाण्यातूनच आली, सुटं आणलं होतं ना?

तापीकाठ:
सुटंच. स्वस्त मिळालं. गाठी दिसल्या, पोरीने वहीत चित्रही काढलं. रविवारी मजूर आहेत, तेव्हा कापतो. फुलं अजून नाहीत, फक्त दोऱ्यावर बारीक पांढरे मण्यांचे गुच्छ आहेत.

बोरीकाठ:
अहो तीच फुलं! रविवारची वाट पाहू नका, आजच विळा घ्या.