भुवया जड होऊन डोळ्यांवर उतरल्या, कुणी काय उपचार केले? अनुभव लिहा

विश्रामबागकर
आज बँकेत एक आजोबा बोटानं भुवई वर धरून पासबुक वाचत होते, आणि आमचे अण्णा आठवले. हळदीच्या पेठेत हिशेब लिहिताना तेही असंच करायचे. संध्याकाळी कपाळ ठणकायचं, आम्ही बाम चोळून द्यायचो. वय झालं म्हणायचे सगळे. मिरजेच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा कळलं, भुवई उतरली की माणूस नकळत दिवसभर कपाळ ताणून ती वर धरतो, म्हणून दुखतं. त्यांनी फील्ड टेस्ट, म्हणजे समोर बघताना आजूबाजूचं किती दिसतं त्याची तपासणी, दोनदा केली, एकदा तशीच आणि एकदा भुवई चिकटपट्टीनं वर धरून. वरच्या बाजूचं किती दिसत नव्हतं ते कागदावर स्पष्ट आलं. मग भुवईच्या लगत वरची कातडीची पट्टी काढून टाके घातले, भूल तेवढ्याच भागाला. अण्णांच्या भुवया दाट, त्यामुळे व्रण शोधावा लागतो. आता मामींचं तसंच व्हायला लागलंय. लिहा प्लीज.

कराडची सून
सासूबाईंची पण पट्टीवाली टेस्ट झाली. त्यांची भुवई जागेवरच होती, पापणीची कातडी लोंबत होती. तेवढीच काढली, छेद पापणीच्या घडीत. भुवई उतरलेली असताना नुसती पापणीची कातडी काढली तर भुवई आणखी खाली येऊ शकते म्हणे. म्हणून आधी नक्की काय उतरलंय ते बघून घ्या हो. कुकर झाला, येते.

पोवई नाका
मी बोटॉक्स घेतलं. भुवईला खाली ओढणारा स्नायू ढिला करतात, बाहेरचं टोक जरासं उचलतं, मिलिमीटर-दोन मिलिमीटर. ३-४ महिन्यांत उतरतं. कपाळावर द्यायला डॉक्टरांनी साफ नकार दिला. भुवई कपाळाच्याच स्नायूनं वर धरलेली असते ना. मैत्रिणीला एका पार्लरमध्ये कपाळभर टोचलं, भुवया आणखी खाली आल्या बिचारीच्या.

वाईकर काकू
पार्लरमध्ये इंजेक्शन?! अगं बाई. डॉक्टरशिवाय हात लावू देऊ नका कुणाला.

मिरजेची वहिनी
आमच्या ह्यांची एकच भुवई उतरली. ऐन तोडणीच्या दिवसांत, सकाळी चूळ भरताना पाणी एका बाजूनं गळायला लागलं. सगळे म्हणाले गार वारं लागलं, शेका. दिरांनी ऐकलं नाही, तसंच गाडीत घातलं. बेल्स पाल्सी निघालं, म्हणजे चेहऱ्याची नस बिघडून एक बाजू अचानक लुळी पडते. स्टिरॉइडच्या गोळ्या ७२ तासांच्या आत सुरू झाल्या तर चांगला उपयोग होतो. मेंदूच्या झटक्यात बहुधा कपाळाला आठ्या पडतात, ह्यात त्या बाजूला पडत नाहीत; पण घरी ठरवत बसू नका, थेट दवाखाना. डोळा मिटत नव्हता, रात्री मलम आणि वर पट्टी. तोंड सरळ झालं देवाच्या कृपेनं, भुवई जरा खालीच राहिली.

कुपवाडचा
वहिनी, दादा आता बरे आहेत ना? माझी आत्या ब्राह्मणपुरीत असते. ऊस गेला का यंदाचा?

पलूसकर
धागे घालून उचलतात ते कुणी केलंय का?

पोवई नाका
जावेनं केलं. विरघळणारे धागे असतात, वर्षभरात बरंचसं पूर्ववत झालं. तिच्या आईचं दुर्बिणीनं ऑपरेशन झालं, केसांच्या आत छोटे छेद. ते छान टिकलंय. डोक्याला बधिरपणा आणि खाज मात्र बरेच महिने होती, आधी कुणी सांगितलं नव्हतं. आणि रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर आधीच सांगा. मनानं बंद करायच्या नाहीत.

तासगावकर
सकाळी ठीक, संध्याकाळी पापणी पडते, एकाचे दोन दिसतात, असं असेल तर ऑपरेशनआधी मायस्थेनियाची (स्नायू लवकर थकतात तो आजार) तपासणी करून घ्या. काकांचं तेच निघालं, गोळ्यांवर आहेत.

कराडची सून
आले परत. विम्याचं राहिलं. दिसण्यासाठी केलं तर पैसे मिळत नाहीत. आम्ही फील्ड टेस्टचे दोन्ही रिपोर्ट आणि डॉक्टरांनी काढलेले फोटो जोडले, मंजूर झालं.

विश्रामबागकर
हे फार कामाचं बोललीस गं. मामींना सोमवारी मिरजेला नेतेय, त्यांची रक्त पातळ करायची गोळी चालू आहे, तेही पहिल्यांदा सांगते.

मिरजेची वहिनी
@कुपवाडचा बरे आहेत भाऊ, ट्रॅक्टर चालवतात. ऊस अजून उभाच आहे, टोळी आली नाही. ब्राह्मणपुरीत कुठं राहतात आत्या?